फुफ्फुसाचा कॅन्सर : 'स्टेज १बी' पण 'ग्रेड ३', हा रिपोर्ट वाचायचा कसा?

माणदेशी_लेक

नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, एसटीत वाहक होते. विडी-सिगरेट कधीच नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी नेहमीचा एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला डाग दिसला. मग सीटी, पेट स्कॅन, सुईने बायोप्सी आणि शेवटी पुण्यात उजव्या फुफ्फुसाचा वरचा लोब, म्हणजे वरचा कप्पा काढला. तब्येत आता बरी आहे, चालतात, जेवतात.

काल हिस्टोपॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट आला. त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते देते:

इन्व्हेजिव्ह अ‍ॅडिनोकार्सिनोमा, नॉन-म्युसिनस. एकूण आकार २.८ सेंमी, इन्व्हेजिव्ह भाग २.४ सेंमी. अ‍ॅसिनर ६०%, लेपिडिक १५%, मायक्रोपॅपिलरी १५%, सॉलिड १०%. ग्रेड ३. एसटीएएस : आहे. प्लुरा : पीएल१. रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांत शिरकाव : दिसत नाही. ब्राँकियल मार्जिन : मोकळी. लिम्फ नोड ०/१४. पीटी२ए, एन०. स्टेज १बी.

सर्जन म्हणाले, "सगळं निघालंय, काळजी करू नका." मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाल्या, "जीनचा रिपोर्ट येऊ दे, मग औषधाचं ठरवू." सगळं निघालंय तर औषध कशाला? स्टेज पहिली आणि ग्रेड सगळ्यात वाईट, हे एकाच गाठीचं कसं असेल? शिवाय सगळीकडे लिहिलंय की ३ सेंमीच्या आतली गाठ टी१ असते, मग आमची टी२ कशी? बाबा दोनच प्रश्न विचारतात, "परत येणार का?" आणि "किती वर्षं?" मला यातलं एकही धड सांगता येत नाही.

---

वाटसरू_७१

ताई, ऑपरेशन होण्यासारख्या अवस्थेत सापडलं हीच मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे बहुतेकांचा हा आजार कळतो तोवर तो पसरलेला असतो. माझ्या मेव्हण्यांना छातीत पाणी झालं तेव्हाच कळलं. बाकी जाणकार सांगतीलच. 'काचपट्टी' इथे आहेत का?

---

काचपट्टी

आहे. आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली तुकडेच बघत आलोय, त्यामुळे हा धागा माझ्याच दारातला. तुमच्या बाबांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत. तुम्ही दिलेल्या ओळींवरूनच बोलतो, उपचाराचं तुमच्या डॉक्टरांशीच ठरवा.

आधी टी२चं. टी म्हणजे मुख्य गाठीचा आवाका, एन म्हणजे लिम्फ नोड, लसिका ग्रंथी. नुसत्या मापाने तुमची गाठ टी१सीच आहे. लेपिडिक भाग म्हणजे पेशी हवेच्या पिशव्यांच्या भिंतींवर पसरलेल्या, आत न घुसलेल्या. हा भाग मापातून वगळतात. २.८ मधून १५ टक्के गेले की साधारण २.४ उरतात, रिपोर्टमध्ये तेच लिहिलंय. २ ते ३ सेंमी म्हणजे टी१सी. पण पुढे पीएल१ आहे ना, त्याने ती वर ढकलली. फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणात लवचीक तंतूंचा एक थर असतो. गाठीने तो ओलांडला की पीएल१, आवरणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचली की पीएल२. दोन्हींत लहान गाठसुद्धा टी२ए धरतात. छातीच्या भिंतीकडच्या आवरणात गेली तर पीएल३, आणि ती टी३. साध्या रंगात हा थर नीट दिसत नाही, म्हणून शंका आली की इलॅस्टिक स्टेन करावा लागतो, त्यात तंतू काळे उमटतात. वरून आवरण आत खेचलेलं, सुरकुतलेलं दिसतं म्हणून शिरकाव झालाच असं नसतं. तुमच्या रिपोर्टमध्ये हा स्टेन केल्याचं लिहिलंय का बघा. टी१ की टी२ हे सगळं त्या एका काचेवर ठरलेलं आहे.

आता ग्रेड. स्टेज सांगते आजार कुठवर पोचलाय, आणि ग्रेड सांगते पेशींची चाल कशी आहे. दोन प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं उलटसुलट येऊ शकतात. पूर्वी अ‍ॅडिनोकार्सिनोमात पेशींच्या मांडणीचा जो नमुना सगळ्यात जास्त, त्याच्यावरून बोलायचे. तुमच्यात अ‍ॅसिनर ६०, म्हणजे मधल्या प्रतीचा म्हणून सोडून दिलं असतं. पण गाठीत थोडाच भाग मायक्रोपॅपिलरी किंवा सॉलिड असला तरी ती जास्त वेळा उलटते, हे पुढे दिसत गेलं. म्हणून २०२० मध्ये आयएएसएलसी या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नवी पद्धत सुचवली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वर्गीकरणात ती घेतली. सॉलिड, मायक्रोपॅपिलरी आणि गुंतागुंतीच्या ग्रंथींचा नमुना, या तिघांची बेरीज २० टक्के किंवा जास्त झाली की बाकी काहीही असो, ग्रेड ३. तुमची बेरीज १५ अधिक १०, म्हणजे २५.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. हे टक्के आम्ही नजरेने ठरवतो, पाच-पाचच्या टप्प्यात. उद्या त्याच स्लाइड माझ्या शेजारच्या टेबलावर गेल्या तर तिथे १० आणि ५ पडू शकतात, आणि तीच गाठ ग्रेड २ होईल. म्हणून उंबरठ्याच्या जवळ असलेल्या ग्रेडवर झोप उडवून घेऊ नका. मायक्रोपॅपिलरी भाग आहे एवढं मात्र खरं माना.

---

आडवाटेचा

काचपट्टी सर, एसटीएएसबद्दल सांगाल का? आमच्या काकूंच्या रिपोर्टमध्ये तो शब्द होता. एका डॉक्टरांनी गंभीर म्हणून सांगितला, दुसरे म्हणाले तो चाकूने सांडलेल्या पेशींचा आभास असतो.

---

काचपट्टी

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मुख्य गाठीच्या कडेपलीकडे, हवेच्या पिशव्यांमध्ये कॅन्सरच्या पेशींचे पुंजके सुटे पडलेले दिसतात, त्याला एसटीएएस म्हणतात. २०१५ च्या वर्गीकरणात हा पसरण्याचा एक प्रकार म्हणून आला. गाठ कापताना चाकूबरोबर पेशी ओढल्या जातात हेही खरं, म्हणून विखुरलेले, कडा फाटलेले पुंजके आम्ही धरत नाही. पण बऱ्याच अभ्यासांत एसटीएएस असलेल्यांमध्ये आजार जास्त उलटलेला दिसला, विशेषतः जिथे पूर्ण लोब न काढता लहान तुकडाच काढला होता.

म्हणून माणदेशी, तुमच्या बाबांचा पूर्ण लोब काढलाय हे इथे महत्त्वाचं. २०२२ च्या जपानी अभ्यासात २ सेंमीपर्यंतच्या गाठींसाठी लोबऐवजी सेगमेंट, म्हणजे लोबचा एक भागच काढलेल्यांचं आयुष्यमान कमी झालं नाही, उलट थोडं बरंच निघालं. पण त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण लोबवाल्यांत ५.४ टक्के आणि सेगमेंटवाल्यांत १०.५ टक्के होतं. एसटीएएसने स्टेज बदलत नाही. नजर ठेवायला सांगणारी ओळ आहे ती.

---

हरितमार्गी

इतके टक्के आणि आकडे! रोज गव्हांकुराचा रस आणि कडुनिंब सुरू करा. माझ्या माहितीत एकाची स्टेज ४ पूर्ण गेली.

---

ठाकुर्लीकर

हरितमार्गी, त्या एकाचा बायोप्सी रिपोर्ट असेल तर इथे टाका, सगळे मिळून वाचू. नसेल तर हा विषय वेगळ्या धाग्यावर न्या.

माणदेशीताई, तुम्ही ०/१४ ही ओळ, म्हणजे चौदा नोड तपासले आणि एकातही कॅन्सर नाही, सहज लिहून गेलात, पण त्या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ तीच असावी. आईच्या वेळचं सांगतो. पेटमध्ये श्वासनलिकेजवळच्या गाठी पेटलेल्या दिसल्या. पहिल्या ठिकाणी थेट सांगितलं की स्टेज ३ आहे, ऑपरेशन होणार नाही. दुसऱ्या ठिकाणच्या ट्यूमर बोर्डने हट्ट धरला की आधी एबस करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून सुईने, त्या गाठींचे नमुने घ्या. त्यात ग्रॅन्युलोमा निघाला, कॅन्सर नाही. टीबीचा जुना खुणावजा अवशेष. ऑपरेशन झालं.

चुलत्यांच्या बाबतीत नेमकं उलटं. छातीच्या एक्स-रेत सावली, थुंकीत जंतू नाहीत, तरी "टीबीच असणार" म्हणून कित्येक महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू राहिली. सावली वाढतच होती. तुकडा घेतला तोवर आजार हाडांत गेला होता.

---

काचपट्टी

ठाकुर्लीकर, अनुमोदन. आपल्याकडे हे दोन्ही बाजूंनी घडतं. पेटवर चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं, टीबीही तितकाच चमकतो. चमकणाऱ्या नोडवरून ऑपरेशन नाकारायचं असेल तर त्याचा नमुना घेतल्याशिवाय नाकारू नये. आणि टीबीच्या औषधांवर सावली ओसरत नसेल, तर थुंकी पुन्हा पुन्हा तपासत न बसता तुकडा मागायचा.

नोडबद्दल आणखी एक. ०/१४ मध्ये मला शून्यापेक्षा चौदा जास्त आवडले. दोनच नोड तपासून शून्य म्हणणं आणि वेगवेगळ्या जागांचे चौदा तपासून शून्य म्हणणं यात फरक आहे. दोन फुफ्फुसांच्या मधल्या भागातली किमान तीन स्टेशनं, म्हणजे नोडांच्या आकडे दिलेल्या जागा, घ्यावीत, त्यात श्वासनलिका जिथे दुभंगते तिच्या खालचं सातवं असावंच, असा दंडक आहे. रिपोर्टमध्ये स्टेशनचे आकडे असतील. स्टेज ठरवायच्या टीएनएम नियमावलीच्या नवव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२५ पासून लागू झाली, मधल्या नोडांत आजार एकाच स्टेशनात आहे की जास्त, यावरून एन२ या गटाचे दोन भाग केलेत. म्हणजे नोड कुठले आणि किती, हे दिवसेंदिवस जास्तच मोजलं जाणार.

नोड काळे आहेत असं लिहिलं असेल तर घाबरू नका. शहराचा धूर, चुलीचा धूर यांची काजळी तिथे साठते. मला पांढरे नोड क्वचितच दिसतात.

---

माणदेशी_लेक

खूप आभार सर्वांचे. स्टेशनं २आर, ४आर, ७, १०, ११ अशी लिहिली आहेत. इलॅस्टिक स्टेन केल्याचंही लिहिलंय. नोडांत अँथ्रॅकोसिस आहे. आजी चुलीवरच करायची, बाबा तिच्याजवळच बसायचे म्हणे.

पण "किती वर्षं?" त्याचं काय सांगू?

---

विदाभक्त

मी डॉक्टर नाही, आकड्यांत काम करतो. वडिलांच्या वेळी हेच शोधत बसलो होतो.

ऑपरेशननंतर ठरलेल्या स्टेजप्रमाणे पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण त्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीच्या आकडेवारीत असं आहे: १ए१ ला ९०, १ए२ ला ८५, १ए३ ला ८०, १बीला ७३, २एला ६५, २बीला ५६, ३एला ४१, ३बीला २४ टक्के. यातून १बीचा ७३ उचलून बाबांना सांगण्याआधी दोन गोष्टी पाहा.

हे रुग्ण १९९९ ते २०१० मधले आहेत. आजच्या गोळ्या ऑपरेशननंतर देण्याची पद्धत तेव्हा नव्हतीच. शिवाय यात सगळे मृत्यू मोजलेत, हृदयविकाराने गेलेलेही. आणि ७३ हा गटाचा आकडा आहे. त्या गटात ग्रेड १ वालेही आहेत आणि ग्रेड ३ अधिक एसटीएएस वालेही. तुमचे बाबा त्यात कुठे उभे आहेत हे त्या आकड्याला माहीत नाही. त्यांनी कधी धूम्रपान केलं नाही, पूर्ण लोब निघाला, कडा मोकळी, नोड शून्य, या गोष्टी त्यांना वरच्या अंगाला नेतात. मायक्रोपॅपिलरी, एसटीएएस, पीएल१ खालच्या. यांची बेरीज-वजाबाकी करून एक नेमका टक्का काढून देणारं गणित कुणी देत असेल तर मी तरी त्यावर विसंबणार नाही.

---

सांजवेळ

बाबांना सांगायचंच कशाला? आम्ही सासऱ्यांना शेवटपर्यंत "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलं. शांतपणे गेले.

---

ठाकुर्लीकर

सांजवेळ, तुमच्या घरचं तुम्ही जाणता. पण इथे बाबा स्वतः विचारतायत, आणि पुढची काही वर्षं त्यांना तपासण्या करायच्यात, कदाचित रोज गोळी घ्यायचीय. कशासाठी हे माहीत नसेल तर वाहकाची नोकरी केलेला माणूस मधेच घंटी मारून उतरेल.

---

काचपट्टी

:) अगदी.

माणदेशी, "सगळं निघालंय तर औषध कशाला" हा तुमचा पहिला प्रश्न राहिला. सर्जनने दिसत होतं ते सगळं काढलं, आणि आम्ही कडा बघून ते कबूल केलं. पण आजार उलटतो तेव्हा बहुधा ऑपरेशनआधीच रक्तातून दूर गेलेल्या, कुठल्याही स्कॅनवर न दिसणाऱ्या पेशींपासून. ग्रेड, एसटीएएस, आवरणातला शिरकाव या ओळी त्याची शक्यता सुचवतात. त्या पेशींवर कुठलं औषध चालेल हे मात्र त्यातली एकही ओळ सांगत नाही. ते जीनचा रिपोर्ट सांगतो. माझ्या मते आजच्या घडीला या आजाराच्या अख्ख्या फाइलमधला सगळ्यात उपयोगी कागद तोच, आणि लोक तो सगळ्यात शेवटी मागतात.

सरसकट केमो १बीला देत नाहीत. गाठ ४ सेंमीच्या वर असेल किंवा नोडांत आजार असेल तर तिचा फायदा दिसतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात पाच वर्षांच्या हिशेबात तो ५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि १एच्या रुग्णांना तर नुकसान व्हायचा संभव दिसला. पण गाठीत ईजीएफआर जीनचा ठरावीक बदल निघाला, तर ऑपरेशननंतर तीन वर्षं ऑसिमर्टिनिब ही गोळी देतात. १बी ते ३ए मिळून पाच वर्षांनी हयात असलेले औषधाच्या गटात ८८ टक्के, औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या (प्लासिबो) गटात ७८. एकट्या १बीत फरक कमी, ९४ आणि ८८. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रुग्णांत हा बदल सापडतो, कधीही न ओढणाऱ्यांत जास्त. बाबांच्या बाबतीत तो निघाला तर मला नवल वाटणार नाही. एएलके या दुसऱ्या जीनचा बदल निघाला तर त्याचं औषध वेगळं.

आता एक काम कराच. लॅबमध्ये बाबांच्या गाठीचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, असतील. ते कुठे आहेत, किती आहेत, हे विचारून ठेवा. दुसरं मत घ्यायला, पुढे नवीन जीन तपासायला तेच लागतात. रिपोर्टचा कागद सांभाळतात आणि ब्लॉक कुठल्या कपाटात आहेत ते कुणाला ठाऊक नसतं, असं फार घडतं.

---

आडवाटेचा

सर, पसरलेला आजार असेल तर या पॅथॉलॉजीचा काही उपयोग? काकूंच्या छातीत पाणी होतं, त्यातच पेशी सापडल्या. स्टेज ४ लावली.

---

काचपट्टी

तिथे तर अजून जास्त. पाण्यात पेशी सापडल्या तर स्टेज ४ए, बरोबर. पण ते पाणी ओतून देऊ नये, त्यातल्या पेशी गोळा करून त्यांचा तसाच मेणाचा ब्लॉक (सेल ब्लॉक) करता येतो आणि त्यावर सगळ्या तपासण्या होतात. हाडाचा तुकडा असेल तर आधीच सांगून ठेवायचं. हाड मऊ करायला नेहमीचं आम्ल वापरलं की जीनची तपासणी बिघडते.

स्टेज ४ मध्ये ग्रेड कुणी विचारत नाही. आधी प्रकार, तो पेशींतली प्रथिनं रंगवून कळतो: टीटीएफ-१ आलं तर अ‍ॅडिनो, पी४० आलं तर स्क्वेमस, सिनॅप्टोफायझिन वगैरे आलं आणि पेशी बारीक, गर्दीच्या असतील तर स्मॉल सेल. स्मॉल सेलची चाल सगळ्यात वेगवान. पसरलेल्या अवस्थेत केमोसोबत इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध) दिली तरी आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण हयात असतात तो काळ, वर्षभराच्या आसपास. आणि ईजीएफआरवाल्यांची गोष्ट वेगळी. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या २०२० मध्ये आलेल्या चाचणीत जेफिटिनिब या ईजीएफआरवरच्या जुन्या गोळीच्या जोडीला केमो दिली तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. पुढे महागड्या ऑसिमर्टिनिबसोबतही परदेशात तेच केलं गेलं.

गोळी चालेनाशी झाली तर पुन्हा तुकडा घ्यावा. क्वचित तो अ‍ॅडिनो स्मॉल सेलचं रूप घेतो. रक्ताच्या तपासणीत ते हमखास कळेलच असं नाही, काचेवर मात्र दिसतं.

---

माणदेशी_लेक

जीनचा रिपोर्ट आला! ईजीएफआर एक्सॉन १९ डिलीशन, एएलके नाही, पीडी-एल१ ५%. मॅडम ऑसिमर्टिनिब तीन वर्षं म्हणाल्या. बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तीन वर्षांचा पास काढला म्हणायचा."

दोन शंका. पीडी-एल१, म्हणजे इम्युनोथेरपीसाठी बघतात ते प्रथिन, आहे तर इम्युनोथेरपी का नाही? आणि धाकट्या काकांना सध्या टीबीची औषधं चालू आहेत, ते आमच्याकडेच असतात.

---

काचपट्टी

एक्सॉन १९ म्हणजे या गोळ्यांना सगळ्यात चांगली साथ देणाऱ्यांपैकी. इम्युनोथेरपी ईजीएफआरच्या गाठींवर फारशी चालत नाही, पीडी-एल१ कितीही असो. शिवाय आधी ती देऊन पाठोपाठ ऑसिमर्टिनिब दिलं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. मॅडम योग्य करतायत.

काकांचं विचारलंत ते बरं झालं. त्यांच्या थुंकीत जंतू आहेत का आणि बाबांना जपायला काय करायचं, हे टीबीच्या डॉक्टरांना विचारा. आणि पुढे कधी बाबांनाच टीबीची औषधं सुरू करायची वेळ आली, तर सुरू करणाऱ्याला या गोळीचं नाव आधी सांगा. रिफाम्पिसिनने ऑसिमर्टिनिबची रक्तातली पातळी बरीच खाली येते, गोळी चालू असून नसल्यासारखी. गोळी सुरू करण्याआधी ईसीजी करतात, तो झाला का बघा. आणि नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

---

माणदेशी_लेक

ईसीजी सोमवारी आहे. ब्लॉकचं विचारलं, सहा आहेत, त्यातला एक जीनच्या लॅबकडे गेलाय. तो परत मागवायचा अर्ज आजच दिला.